हृदयविकाराचा धोका एकाच टक्केवारीत सांगणे योग्य आहे का?

रावेरकर : आमच्या गावातील तपासणी शिबिरात चाळिशीपुढच्या प्रत्येकाला चिठ्ठी मिळाली : पुढील दहा वर्षांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका अमुक टक्के. माझ्या मते हा आकडा दिशाभूल करतो, कारण हार्ट अटॅक, लकवा, हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणे) आणि पायांच्या धमन्या अरुंद होणे यांची कारणे बरीचशी सामाईक असली, तरी प्रत्येक कारणाचा वाटा सारखा नसतो. लकव्यात उच्च रक्तदाब सर्वांत भारी पडतो. कोलेस्टेरॉलचे हार्ट अटॅकशी जितके घट्ट नाते आहे, तितके लकव्याशी नाही. पायांच्या धमन्या बिडी आणि मधुमेह यांनी अधिक बिघडतात. पोटातील महाधमनीच्या फुगवट्याचे तर नवलच, धूम्रपानाने तो बळावतो, पण मधुमेहींमध्ये कमी आढळतो.

धुळेकर : या रोगांच्या धोक्यांची ही बेरीज जाणूनबुजून केलेली आहे. 1948 साली अमेरिकेत सुरू झालेल्या फ्रॅमिंगहॅम या हृदयविकारांच्या अभ्यासातून 2008 मध्ये एकत्रित धोक्याचे सूत्र मांडले गेले, ते साध्या दवाखान्यातील डॉक्टरांसाठीच. आपल्याकडे आशाताई ओट्यावर बसून सीबॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका ओळखण्याची प्रश्नावली, भरतात, त्यात वय, तंबाखू, दारू, टेपने मोजलेला कमरेचा घेर, व्यायाम आणि घरातील आजार यांचे गुण असतात, आणि बेरीज चारच्या वर गेली की त्या माणसाची तपासणी आधी करायची. केळीच्या बागेतून थकून आलेल्या मजुराला चार रोगांचे चार आकडे सांगितल्याने तो बिडी लवकर सोडेल, असे मला वाटत नाही.

नंदुरबारकर : दोघेही चाळिशीपुढच्यांविषयीच बोलत आहात. जागतिक आरोग्य संघटनेचे 2019 चे धोक्याचे तक्तेही 40 वर्षांपासून सुरू होतात, आणि हार्ट अटॅकच्या कारणांवरील अनेक देशांतील इंटरहार्ट अभ्यासात तर दक्षिण आशियाई रुग्णांना पहिला झटका इतरांपेक्षा सुमारे सहा वर्षे आधी आल्याचे दिसले. सूत्रांत वयाचे वजन एवढे मोठे, की बिडी ओढणारा पस्तिशीतला मधुमेही ‘कमी धोका’ म्हणून सुटतो. लहानपणीच्या घसादुखीनंतर संधिज्वर होऊन हृदयाची झडप खराब झालेली तरुणी तर यांपैकी कोणत्याच सूत्रात येत नाही.

रावेरकर : धुळेकर, बिडीपुरते तुमचे म्हणणे मान्य, औषधाचे काय? एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याच्या विकारात, लकवा टाळण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी द्यायची की नाही, याचे गुणांकन वेगळेच आहे. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या 2023 च्या ‘प्रिव्हेंट’ सूत्रातही एकत्रित धोक्यासोबत हार्ट फेल्युअरचा धोका स्वतंत्र मिळतो.

धुळेकर : त्या सूत्रासाठी कोलेस्टेरॉलच्या जोडीला मूत्रपिंडांचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही रक्तात तपासावे लागते. उपकेंद्रात मी रक्ततपासणीविना चालणारा जागतिक आरोग्य संघटनेचा तक्ताच वापरेन, आणि नाडी अनियमित लागली तर रुग्णाला ईसीजीसाठी पुढे पाठवीन.