मदत हवी आहे: फौजेतून सुटल्यावर स्वतःचा एक ट्रक टाकायचा आहे (सातारा–बंगळुरू लाइन)

कोरेगावचा_नाईक

नमस्कार मंडळी. इन्फंट्री बटालियनच्या एमटीत (मोटर ट्रान्सपोर्ट विभागात) ड्रायव्हर आहे. मधला काळ दक्षिण सुदानमध्ये यूएन मिशनवर होतो. काही महिन्यांत पेन्शनवर येतोय. स्वतः चालवायचा एकच ट्रक घ्यायचा आहे. शिरवळ, सातारा एमआयडीसी ते बंगळुरू अशी लाइन डोक्यात आहे.

आर्मीचं लायसन्स आणि यूएनचं परमिट आरटीओत कितपत चालतं? नवीन दहा चाकी घ्यावा की जुना? आर्मीतून निकाली निघालेली स्टॅलियन (लष्करी ट्रक) माजी सैनिकांना मिळते म्हणतात, ती घेऊन धंदा होईल का? आणि ग्रॅच्युइटी-कम्युटेशनचे (पेन्शनचा काही भाग एकरकमी मिळतो ते) पैसे सगळे गाडीत घालावेत का? घरच्यांचं म्हणणं, कर्ज नको, सगळे रोख भर.

बिल्टीबहाद्दर

जय हिंद मेजर. लायसन्सचं आधी सांगतो, कारण ते काम सुटायच्या आधीच करायचं आहे.

यूएनचं परमिट मिशनपुरतं. आर्मीचं लायसन्स मात्र कामाला येतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८ खाली, म्हणजे संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी, दिलेलं लायसन्स असेल तर त्याच वर्गाच्या गाडीसाठी कलम ९ मध्ये टेस्टची सूट आहे. त्यासाठी यूनिटकडून सहीशिक्क्याचं पत्र घ्या. त्यात लायसन्स नंबर, गाडीचा वर्ग आणि कोणत्या तारखेपासून चालवताय हे तिन्ही हवं. 'सर्व प्रकारची वाहने' असं मोघम पत्र खिडकीवरून परत येतं, आणि तोवर तुमची बटालियन दुसऱ्या टोकाला हललेली असते. सोबत फॉर्म १-ए वर डॉक्टरचा दाखला. ट्रान्सपोर्टचं लायसन्स ५ वर्षांचं मिळतं. पुढे केमिकल किंवा पेट्रोल टँकरवर जायचं असेल तर त्याचं ट्रेनिंग आणि नोंद वेगळी, मुदत ३ वर्षं.

हे नीट झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. लायसन्सचा वर्ग, फिटनेस, परमिट यांतलं एक जरी चुकलेलं सापडलं तरी अपघातानंतर विमा कंपनी तिथंच अडवते.

जमाखर्च

दादा, सगळे पैसे गाडीत घालू नका, अगदी हात जोडून सांगतो. एक गाडीवाला बुडतो तो गाडी चालवता येत नाही म्हणून नाही. दुसऱ्या महिन्यात डिझेलला पैसे नसतात म्हणून.

दहा चाकीची पासिंग (मालासकट कायद्यानं चालणारं एकूण वजन) २८ टन. रिकामी गाडी बॉडीसकट नऊ-साडेनऊ टन, म्हणजे माल अठरा-एकोणीस टन. सातारा ते बंगळुरू सव्वासातशे किमी धरा, भरलेल्या गाडीला लिटरमागे ४ किमी. जाऊन-येऊन साधारण ३६५ लिटर डिझेल. ९० रुपयांनी धरलं तर ३३ हजार नुसतं डिझेल. बीएस ६ (नव्या प्रदूषण निकषांची) गाडी असेल तर डिझेलच्या ५ टक्के डीईएफ (धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं युरियाचं द्रावण), म्हणजे अठरा-एकोणीस लिटर. मग टोल. हा खर्च रोख आणि आधी करायचा.

येणं मात्र असं होत नाही. मार्केटच्या भाड्यात ॲडव्हान्स मिळतो, बाकी पोच (माल मिळाल्याची सही झालेली पावती) जमा केल्यावर. पोच पोस्टानं फिरते, मग हिशेब, मग 'पुढच्या आठवड्यात'. कंपनीच्या ट्रान्सपोर्टरकडे गाडी अटॅच केली (नेहमीच्या कामाला लावली) तर भाड्याची शाश्वती असते, पण बिल महिन्याचं आणि पैसे ३० ते ६० दिवसांनी. म्हणून तीन फेऱ्यांचं डिझेल-टोल, चार हप्ते आणि दोन टायर एवढे पैसे वेगळ्या खात्यात ठेवा. त्यानंतर जे उरेल तेवढंच डाउन पेमेंट.

हप्त्याचा अंदाज: १५ लाख, १२ टक्के, ४ वर्षं म्हटलं तर महिना ३९,५०० च्या आसपास. पेन्शन या हिशेबात धरू नका, ती घराची. टायरचेही पैसे किलोमीटरमागे बाजूला काढा. दहा टायरचे सव्वादोन लाख आणि आयुष्य १ लाख किमी धरलं तर किमीला सव्वादोन रुपये. हे न काढणाऱ्याला टायर बसवायच्या दिवशी सावकार आठवतो.

बंगळुरूहून भाडं मिळालं नाही तर दोन-तीन दिवस थांबायची ताकद हवी. ती नसली की माणूस पडेल भावात भरतो, नाहीतर जास्त टनेज घेतो. ओव्हरलोडचा कायद्यातला दंड २० हजार, वर प्रत्येक जादा टनाला २ हजार, आणि जादा माल तिथंच उतरवायचा. अख्ख्या फेरीची कमाई एका वजनकाट्यावर जाते.

कराचं: दहा किंवा कमी गाड्या असल्याचं पॅनसह लेखी दिलं की ट्रान्सपोर्टर टीडीएस (भाड्यातून आधीच कापायचा आयकर) कापत नाही. अंदाजित उत्पन्नाच्या पद्धतीत १२ टनांवरच्या गाडीला टनामागे महिना १,००० रुपये उत्पन्न धरतात, तेही ग्रॉस वजनावर. २८ टनाला वर्षाचे ३,३६,००० झाले. हे पेन्शनमध्ये मिळवून रिटर्न भरायचं.

स्प्रिंगपाटा

गाडीबद्दल माझं मत: पहिला ट्रक नवीन नको. तीन-चार वर्षांचा, एकाच मालकाचा बीएस ६ बघा. त्याआधी काही महिने याच लाइनवर दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालवा. कुठल्या गोडाऊनला दोन दिवस खोळंबा होतो, वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची हमाली) किती मागतात, परतीचा माल कोण देतं, हे कुणी शिकवत नाही.

स्टॅलियनचा नाद सोडा. निकाली गाड्यांची योजना खरी आहे, पण ती फोर बाय फोर, डोंगरात ५ टन आणि रस्त्यावर साडेसात टन वाहायला बनवलेली गाडी. अठरा टनाच्या भाड्यापुढे तिचं गणित बसत नाही. शिवाय जुन्या गाडीचं सिव्हिल रजिस्ट्रेशन, बॉडी, प्रदूषण नियम सगळं तुमच्या गळ्यात.

जुनी गाडी बघायला सकाळी जा आणि इंजिन गार असताना स्वतः चालू करा. मालकानं आधीच गरम करून ठेवलं असेल तर परत या. ऑइलचं झाकण सैल करून बघा, जोरात धूर फेकत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. खाली झोपून मागच्या स्प्रिंग ब्रॅकेटजवळ चेसिसला वेल्डिंग आहे का बघा. ताजा काळा रंग दिसला तर खरवडा. पुढचा ॲक्सल जॅकवर उचलून चाक वर-खाली हलवा, किंगपिनचा खेळ लगेच कळतो. बीएस ६ मध्ये डीईएफची यंत्रणा बायपास केलेली नाही ना, हे स्कॅनर लावून तपासा. अशी गाडी फिटनेसला अडकते आणि पुन्हा पूर्ववत करायला मोठा खर्च येतो.

कागद: फायनान्सची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायला फॉर्म ३५, ट्रान्सफरला २९ आणि ३०, दुसऱ्या राज्याची असेल तर फॉर्म २८. ई-चलन सौदा करण्याआधी बघा, जुन्या मालकाची चलनं तुमच्या गाडीवर राहतात. विम्यात आयएमटी २३ (जादा संरक्षणाचं कलम) घ्या. नाहीतर दिवे, बंपर, मडगार्ड, टायर यांचं नुकसान खिशातून.

घाटाबद्दल आर्मीच्या ड्रायव्हरला काय सांगायचं, पण ही लाइन कधी पुण्याकडे वाढली तर कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडचा उतार लक्षात ठेवा. उतार मोठा वाटत नाही, म्हणून लोक डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात. वीसेक टन माल मागून ढकलत असतो, ब्रेकवर ब्रेक मारून ड्रम तापतात आणि खाली गर्दीत पोचेपर्यंत ब्रेक लागत नाही. ज्या गिअरनं चढाल तोच किंवा त्याखालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग कमी करणारा) चालू आणि वेग वरूनच कमी. गिअरमध्ये उतरताना पॅडलवर पाय नसेल तर इंजिन तसंही डिझेल घेत नाही.

कोरेगावचा_नाईक

खूप मोलाचं सांगितलंत. आणखी दोन विचारतो. माजी सैनिकाला टोल माफ आहे का? आणि वाटेत गाडी बंद पडली तर ई-वे बिलाचं (मालासोबत लागणाऱ्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाचं) काय?

बिल्टीबहाद्दर

टोल माफ नाही. ओळखपत्र दाखवून वाद घालण्यात वेळ जाईल, फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. नॅशनल परमिटची वर्षाची एकत्रित फी १६,५०० आणि ऑथोरायझेशन १,००० हेही धरून ठेवा.

ई-वे बिलाला २०० किमीला एक दिवस मिळतो. सव्वासातशे किमीला चार दिवस, म्हणजे एरवी पुरतो. बंद पडलात तर मुदत संपण्याच्या ८ तास आधी ते ८ तास नंतर या वेळातच वाढवून मिळते. तुमची बिल्टी (मालाची वाहतूक पावती) ट्रान्सपोर्टरची असेल तर ते काम त्याचं, पण फोन तुम्हीच वेळेत करायचा. माल दुसऱ्या गाडीत टाकावा लागला तर ई-वे बिलाच्या पार्ट बी मध्ये (गाडीच्या नोंदीचा भाग) नवीन गाडी नंबर चढल्याशिवाय हलू नका. माल बदलताना नग मोजून बिल्टीच्या मागे लिहा, सील तुटलं असेल तर जुना आणि नवा सील नंबर लिहून फोटो काढा. पोच देताना शॉर्टेज दाखवून भाडं कापतात, तेव्हा तोच कागद कामाला येतो.