बाबा म्हणतात व्हेंटिलेटर नको. लिव्हिंग विल (पुढे बोलता आलं नाही तर कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवणं) नागपुरात कसं करायचं?

प्रतापनगरची लेक
नमस्कार. बाबा ७१ वर्षांचे, वीज मंडळातून रिटायर. मागच्या दिवाळीत हातातून कप सुटायला लागला, आता मोटर न्यूरॉन डिसीज असं निदान झालंय, म्हणजे स्नायू हळूहळू निकामी होत जातात, शेवटी श्वासाचेही. डोकं एकदम शाबूत. शब्दकोडं अजून माझ्याआधी सोडवतात, फक्त पेन मी धरते. रात्री बायपॅप, म्हणजे श्वासाला मदत करणारं मास्कचं मशीन, लागतो.

परवा त्यांनी मला आणि भावाला समोर बसवून सांगितलं, गळ्याला भोक पाडायचं नाही, व्हेंटिलेटर लावायचं नाही. भाऊ पुण्याहून आला होता, तो उठूनच गेला. मग मला एकटीला म्हणाले, "त्या हॉलंडात इंजेक्शन देतात म्हणे, आपल्याकडे काऊन नाही?" १९८२ साली विनोबांनी अन्न-औषध सोडलं तेव्हा बाबा पवनारला जाऊन आले होते, ते उदाहरण रोज निघतं. कागद कसा करतात आणि ऐनवेळी दवाखान्यात तो मानतात का, तेवढं सांगा.

वकील, सिव्हिल लाइन्स
ताई, इंजेक्शन आपल्याकडे नाही. मरणाऱ्याने स्वतः संमती दिली तरी भारतीय न्याय संहितेत तो सदोष मनुष्यवधच. नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे, पण तिथेही मागितलं आणि दिलं असं होत नाही. मागणी स्वेच्छेची हवी, त्रास असह्य आणि सुधारणेची आशा नसलेला हवा, दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरने पेशंटला तपासायचं आणि नंतर प्रत्येक केस परीक्षण समितीकडे जाते.

आपल्याकडे मान्य आहे ते उपचार न घेणं किंवा थांबवणं. मुंबईच्या नर्स अरुणा शानबाग अनेक वर्षं बेशुद्धावस्थेत होत्या, त्यांच्या प्रकरणात २०११ ला दार किलकिलं झालं, ९ मार्च २०१८ ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने सन्मानाने मरणं कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात, धरलं आणि लिव्हिंग विल मान्य केलं. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे कोणी करतच नव्हतं. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने ती अट गेली. आता दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे, आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. तुमच्या वतीने बोलणारी माणसं एकापेक्षा जास्त नेमता येतात. एक प्रत महापालिकेच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, एक फॅमिली डॉक्टरकडे. मन बदललं तर लेखी रद्द करता येतं.

वेळ आली की दवाखान्यातल्या डॉक्टरांचा पहिला बोर्ड आणि नंतर दुसरा बोर्ड, ज्यात एक डॉक्टर जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याने नेमलेला असतो. दोघांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, अंमल करण्याआधी दंडाधिकाऱ्याला कळवायचं. बोर्डाने नकार दिला तर हायकोर्ट आहे.

निवृत्त सिस्टर, मानेवाडा
वकीलसाहेबांनी कायदा बरोबर सांगितला. मी आयसीयूत काय पाहिलं ते सांगते बेटा.

हे बोर्ड-बिर्ड मी क्वचितच बसलेले पाहिले. आपल्याकडे खरा रस्ता म्हणजे डामा, डॉक्टरच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज. बिल वाढत जातं, डॉक्टर म्हणतात आशा नाही, मग नातेवाईक 'सल्ल्याविरुद्ध नेतो' म्हणून सही करतात. अॅम्ब्युलन्समध्ये एक जण अंबू बॅग, म्हणजे हाताने श्वास द्यायचा फुगा, दाबत बसतो, घरी पोचले की सोडून देतो. ना बोर्ड, ना साक्षीदार, ना दुखणं कमी करायला काही. पेशंटला काय पाहिजे होतं ते कोणी विचारलेलंच नसतं. ज्यांना कायद्याची भीती वाटते त्यांनी आधी याची भीती बाळगावी.

आणि तपासणी कशाला पाहिजे तेही ऐक. एका म्हाताऱ्याचे दोन मुलं होते. एक म्हणे मशीन काढा, दुसरा म्हणे मुळीच नाही, पैसा लागला तर लागू द्या. आम्हाला वाटलं किती माया! भेटीच्या वेळी तो पडद्याआड वाकलेला दिसला, पाहते तर पिशवीतून शाईचं पॅड निघून राहिलं होतं. शेताच्या कागदावर बापाचा अंगठा घ्यायचा होता. म्हणून सांगते, 'जगवा' म्हणणाराही तपासायला पाहिजे.

आता तुझ्या बाबांचं. ते शुद्धीत आहेत, बोलता येतं, तोवर त्यांचा स्वतःचा नकारच पुरतो, त्याला विल लागत नाही. विल लागतं ते बोलता येईनासं झालं की. पण रात्री तीनला श्वास अडकला आणि कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथला पोरगा डॉक्टर फाईल वाचत बसणार नाही, नळी घालणार. त्याचं चुकतही नाही. एकदा नळी गेली की काढायला दोन बोर्ड. म्हणून आत्ताच न्यूरॉलॉजिस्टकडून पेपरवर लिहून घे की ट्रॅकिओस्टॉमी (गळ्याला भोक) नको, इंट्युबेशन (घशात नळी) नको, बायपॅप चालेल. तो कागद बायपॅपच्या बॅगेतच ठेव.

इंजेक्शनचं म्हणतात तेव्हा त्यांना विचार, नेमकं काय भेव वाटते. या आजारात बहुतेकांना गुदमरून मरायचं भेव असते. त्याला औषध आहे. थोड्या मॉर्फिनने घुसमट बरीच कमी होते. २०१४ ला अमली पदार्थांचा कायदा बदलल्यापासून ते मिळणं थोडं सोपं झालं. पॅलिएटिव्हचा, म्हणजे त्रास कमी करणारा, डॉक्टर आधी गाठ, नोटरी नंतर.

महालकर
माफ करा, मला हे सगळं पटत नाही. आज मशीन नको, उद्या सलाईन नको, परवा म्हातारेच नको. कॅनडात २०१६ ला इच्छामरणाचा कायदा झाला तेव्हा मरण जवळ असण्याची अट होती, २०२१ ला ती काढली. तिथल्या अपंगांच्या संघटनाच विरोधात उभ्या राहिल्या. विनोबांच्या मागे आश्रम होता. आपल्या माणसाला रोज सुनेच्या चेहऱ्याकडे पाहून कळतं की आपण जड झालो. तो 'स्वेच्छेने' काय सही करेल?

निवृत्त सिस्टर, मानेवाडा
भाऊ, सुनेच्या चेहऱ्याचं एकदम खरं बोलले तुम्ही. त्याच कारणाने इंजेक्शनचा कायदा आपल्याकडे यावा असं मलाही वाटत नाही, निदान घरी येणारी नर्स आणि मॉर्फिन गावोगावी पोचेपर्यंत तरी नाही. पण गळ्याला भोक नको हे ज्याचा गळा त्यानेच ठरवायचं. त्यात सून कुठून आली?

महालकर
तेवढं मान्य. पण सही घेताना पोरं खोलीबाहेर पाहिजेत.

प्रतापनगरची लेक
सगळ्यांना धन्यवाद. बाबांना विचारलं. सिस्टर म्हणाल्या तेच, झोपेत गुदमरायचं भेव. पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांची वेळ घेतली. हे ऐकून भाऊ फोनवर थोडा नरमला, नियुक्त माणसांत त्याचंही नाव टाकायचं बाबांनी ठरवलंय, पहिलं माझं. साक्षीदार म्हणून त्यांच्या ऑफिसचे दोन मित्र येतील, आम्ही भावंडं बाहेर बसू. वकीलसाहेब, बाबांना जिना उतरवणं आता कठीण आहे. नोटरी घरी येतात का?

वकील, सिव्हिल लाइन्स
येतात. फी आधी ठरवून घ्या. पेन तुम्ही धरता म्हणालात, म्हणून सहीच्या वेळी व्हिडिओ करून ठेवा, आणि लवकर करा.