विंडोज ११ आणि मोबाईलचं अपडेट आत्ताच करू की सीझन जाऊ देऊ?

महालवाली:
नमस्कार मंडळी, आमचं नागपूरला महाल भागात लग्नपत्रिका आणि टायपिंगचं छोटं दुकान आहे, दोन कॉम्प्युटर आहेत. एक जुना, सहाव्या जनरेशनचा आय-थ्री, त्याच्यावर पानं मांडायचं पेजमेकर आणि मराठी फॉन्टचा डोंगल (कॉम्प्युटरला लावायची छोटी चावी, ती असली तरच फॉन्ट चालतो), सगळ्या जुन्या पत्रिका त्याच्यातच. दुसरा २०२० चा, दहाव्या जनरेशनचा, त्याच्यावर डिझाइनचं कोरल, बिलं आणि व्हॉट्सअॅप. दोन्हीवर विंडोज १०. नवा रोज विंडोज ११ घ्या म्हणून मागं लागून राहिला, जुना म्हणतो या पीसीवर चालणार नाही. त्यात मोबाईल पंधरा दिवसांपासून अपडेट मागून राहिला अन् दुकानाचं यूपीआय त्याच मोबाईलवर आहे. मुलगा म्हणतो आजच करून टाक, भाचा म्हणतो चालत्या गाडीला हात लावू नको. मागच्या वर्षी भर दुपारी अपडेट आपोआप सुरू झालं, ३७ टक्क्यांवर असताना लाइट गेली, समोर गिऱ्हाईक बसलेलं, पत्रिकेत मामांचं नाव राहून गेलं होतं ते टाकायचं होतं, अन् मशीन दोन तास सुरूच झालं नाही. तेव्हापासून पाटी दिसली की मी बंद करते, पण भीती वाटते हो. तुम्ही कसं ठरवता?

परसोडी_आयटी:
ताई, आधी एक गोष्ट वेगळी करा, सगळ्या अपडेटला एकच नाव आहे म्हणून सगळा घोळ होतो. एक असतो सिक्युरिटी पॅच, म्हणजे सापडलेलं भोक बुजवणं. दुसरं म्हणजे पूर्ण नवीन व्हर्जन, १० वरून ११. पहिल्याला उशीर करायचा नाही अन् दुसऱ्याची घाई करायची नाही, मी इतकंच पाळतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस आला, दीडशेच्या वर देशांत कॉम्प्युटर लॉक करून पैसे मागत होता, अन् त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता, दोन महिने आधी. ज्यांनी टाकला नाही ते अडकले. आता उलटं बघा, ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं मोठं अपडेट आलं, काही लोकांच्या डॉक्युमेंट्समधल्या फाइल्सच उडाल्या आणि मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. पहिल्याच दिवशी उडी मारणाऱ्यांनाच तो फटका बसला. म्हणून नवीन व्हर्जन दोन-चार महिने दुसऱ्यांना वापरू द्यावं. पण ११ तर ऑक्टोबर २०२१ मध्येच आलंय, आता त्यात वाट पाहण्यासारखं काही उरलं नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नव्या मशीनवर टाकून घ्या.
जुनं मात्र ११ घेणारच नाही, इंटेलचं आठवं जनरेशन तरी लागतं आणि टीपीएम २.० म्हणजे मशीनमधली सुरक्षेची चिप लागते. कोणी म्हणेल मी जुगाडाने टाकून देतो, नका करू.

इतवारी_अकाउंट:
भाऊचं पटतं, पण दुकानदाराला तारीख महत्त्वाची. विंडोजचे महिन्याचे पॅच अमेरिकेतल्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र असते, म्हणजे बुधवारी सकाळी मशीन उघडलं की दारात उभे. अन् आमच्याकडे २० तारखेला जीएसटीचं रिटर्न असतं, म्हणून आम्ही एक आठवड्याचा पॉज लावतो, पण २० झाली की त्याच रविवारी सगळ्या मशीनवर टाकतो, एकही सोडत नाही. तुमचं काय ताई, तुमच्याकडे तर पौष आहे ना! पौषात लग्नं नसतात, पत्रिका नसतात, ११ तेव्हाच टाका. यूपीएस, म्हणजे लाइट गेली तरी मशीन थोडा वेळ चालू ठेवणारी बॅटरी, लावल्याशिवाय बटण दाबू नका, इन्व्हर्टर पंख्यावर आहे की कॉम्प्युटरवर ते आधी वायर धरून बघा. आणि ११ टाकल्यावर पसंत नाही पडलं तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून परत १० वर जाता येतं, म्हणून पहिल्याच दिवशी कोरल, प्रिंटर, सगळं चालवून बघा, अकराव्या दिवशी नाही.

गुरुजी_धरमपेठ:
मोबाईलबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. ज्या फोनवर पैसे आहेत त्याचं सिक्युरिटी अपडेट मी चार दिवसांच्या वर ठेवत नाही. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत सिक्युरिटी पॅचची तारीख दिसते ती बघा, वर्ष-दीड वर्ष जुनी असेल आणि कंपनी आता काहीच पाठवत नसेल तर यूपीआय दुसऱ्या फोनवर न्या, मग तो फोन कितीही चांगला चालत असो. आधी व्हॉट्सअॅपचा बॅकअप आणि फोटो काढून घ्या, कारण अँड्रॉइडचं मोठं व्हर्जन एकदा चढलं की साध्या माणसाला मागे जाता येत नाही. आपल्या गावच्या उन्हाळ्यात दुपारी करू नका, पंचेचाळीसच्या उन्हात चार्जिंगला लावलेला फोन आधीच तव्यासारखा असतो. रात्री जेवण झाल्यावर, कव्हर काढून, फरशीवर ठेवून करतो मी.

महालवाली:
गुरुजी, बघितली तारीख, माझ्या फोनचा पॅच सात महिने जुना निघाला, आज रात्रीच करते. पण त्या जुन्या कॉम्प्युटरचं काय? डोंगल काढून नव्याला लावून पाहिला, जुनी पत्रिका उघडली तर गणपतीच्या खाली श्री गजानन प्रसन्न ऐवजी नुसती एबीसीडी अन् कंस!

परसोडी_आयटी:
घाबरू नका, फाइल खराब नाही. ते जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी दिसेल असे, नाहीत, अक्षरं आतून इंग्रजी बटणांचीच असतात, नव्या मशीनवर तो फॉन्ट नसला की तेच दिसतं. जुनं मशीन तसंच ठेवा, फक्त इंटरनेट काढून घ्या, वायफाय बंद आणि केबल बाहेर. पीडीएफ करून पेनड्राइव्हने नव्यावर न्या, पेनड्राइव्ह मात्र दुकानाचाच, गिऱ्हाईकाचा त्याला लावायचा नाही. नेट लागतच असेल तर मायक्रोसॉफ्टने घरगुती वापराच्या विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी पॅच वाढवून दिलेत, सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवता येतं. आणि काहीही करायच्या आधी सगळ्या पत्रिका बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करा, हे आजच.

महालवाली:
हार्ड डिस्क सीताबर्डीवरून मुलाला आणायला सांगितली. केबल काढली, कॉपी संध्याकाळी लावते. नव्यावर ११ पौषात, रविवारी, यूपीएस लावून, भाच्यालाच समोर बसवते. झालं की इथेच सांगते कोरल चाललं का.