युनियन सोडवून देणाऱ्या मोहिमा: कर्मचाऱ्याचा हक्क की धनिकांची सुपारी?

बांधकामखाते (धागाकर्ता)

मी कॅलिफोर्नियात एका कौंटीच्या रस्ते विभागात नोकरीला आहे. अधूनमधून घरच्या टपालात एक कार्ड येतं: युनियन सोडणं हा तुमचा हक्क आहे, इथे सही करा, पुढचं आम्ही बघतो. पाठवणारी संस्था फ्रीडम फाउंडेशन. मूळची वॉशिंग्टन राज्यातली, १९९१ ची. नंतर ऑरेगन, कॅलिफोर्निया करत हातपाय पसरले. यांची माणसं कर्मचाऱ्यांच्या घरी जाऊन दार वाजवतात. एका डिसेंबरात तर सांताक्लॉजचे कपडे घालून सरकारी कचेऱ्यांबाहेर पत्रकं वाटत उभी होती.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९७७ च्या अबूड खटल्यापासून नियम असा होता की सरकारी कर्मचाऱ्यावर सभासद व्हायची सक्ती नाही. पण युनियन त्याच्याही वतीने पगाराची बोलणी करते, म्हणून त्या खर्चाचा वाटा त्याच्या पगारातून कापता येतो. इलिनॉयमध्ये मार्क जॅनस नावाचे राज्य सरकारी कर्मचारी होते. त्यांचे महिन्याला ४४ डॉलर ५८ सेंट असे कापले जायचे. २७ जून २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी अबूड रद्द केला. सरकारशी पगाराची बोलणी करणं म्हणजे जनतेचा पैसा कुठे जावा यावर मत मांडणंच, आणि न पटणाऱ्या मतासाठी कोणाचा खिसा कापता येणार नाही, असा न्या. अलिटोंचा युक्तिवाद.

आता माझं म्हणणं. निकाल लागला, पण बाहेर पडायचं दार चिंचोळंच राहिलं. त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या राज्यपालांनी एका कायद्यावर सही केली. त्यानुसार वर्गणी थांबवायची विनंती मालकाकडे करायचीच नाही, युनियनकडे करायची. आणि कोण सभासद आहे याबाबत युनियन सांगेल ते मालकाने मानायचं. मी पगारपत्रकं बघणाऱ्या बाईंना विचारलं, त्या म्हणाल्या युनियनला विचारा. युनियनला विचारलं तर उत्तर आलं की कागदावर, शाईच्या सहीने अर्ज द्या, आणि तोही तुम्ही सभासदत्वाचं कार्ड भरल्याच्या तारखेला वर्ष पुरं होण्याआधीच्या ठराविक दिवसांत. ती तारीख मला कशी आठवणार? कार्डाची प्रत मागितली, अजून आलेली नाही.

सामील व्हायला पहिल्या दिवशी पाच मिनिटं लागतात, सोडायला पंचांग बघावं लागतं. अशा वेळी बाहेरचं कोणी फुकटात अर्ज लिहून देत असेल, वकील देत असेल, तर त्याच्या खिशात पैसे कुठून आले याची चौकशी मी का करू?

चाळकरी

चौकशी करायलाच हवी साहेब. जॅनसचा खटला मुळात जॅनसने सुरू केलाच नव्हता. २०१५ मध्ये इलिनॉयचे तेव्हाचे राज्यपाल ब्रूस रॉनर, स्वतः गडगंज गुंतवणूकदार, यांनी दावा लावला. तुम्हाला दावा लावायचा अधिकारच नाही असं म्हणून कोर्टाने त्यांना बाहेर काढलं, तेव्हा पुढे करायला खरा कर्मचारी हवा होता. वकील पुरवले लिबर्टी जस्टिस सेंटर आणि नॅशनल राइट टू वर्क फाउंडेशनने. फ्रीडम फाउंडेशनला ब्रॅडली फाउंडेशनसारख्या ट्रस्टांचा पैसा आहे. निकालानंतर महिन्याभरात जॅनस सरकारी नोकरी सोडून इलिनॉय पॉलिसी इन्स्टिट्यूटमध्ये गेले, म्हणजे याच गोतावळ्यात. देणगीदारांना लिहिलेल्या पत्रात ही मंडळी सरकारी युनियनचं दिवाळं काढायची भाषा करतात आणि तुमच्या दारात येऊन तुमच्या हक्काची. दोन्ही एकाच तोंडाने.

आणि मूळ मुद्दा फुकटेपणाचा. कायद्याने युनियनला तिथल्या प्रत्येकाचं प्रतिनिधित्व करावं लागतं. तुम्ही वर्गणी बंद केलीत तरी पगारवाढ तुम्हालाही, आरोग्य विम्याचा करारही तुम्हाला लागू. सोसायटीत तळमजल्यावरचा माणूस म्हणतो लिफ्ट वापरत नाही, मेंटेनन्स देणार नाही. तुम्ही तर सातव्या मजल्यावर राहून तसं म्हणताय.

बांधकामखाते

@चाळकरी, सोसायटीत मी घर घेतो तेव्हा नियम वाचून घेतो. इथे युनियन माझ्या आधीपासून बसलेली आहे आणि मला स्वतंत्र बोलणी करायची मुभाच नाही. सगळ्यांच्या वतीने एकट्यानेच बोलायचा हक्क युनियनने मागून घेतलाय. तो हक्क हवा, त्याचं ओझं नको, असं कसं चालेल? माझ्या कामाची प्रत वेगळी, माझा परवाना वेगळा, पण मी आणि ज्याने दहा वर्षांत एक आराखडा धड काढला नाही तो, दोघं एकाच पायरीवर. याचं मी बिल भरायचं?

मृण्मयी_स्पोकॅन

घरी राहून आजारी सासूबाईंची देखभाल करते. इकडे वॉशिंग्टन राज्यात त्याचे तास मोजून मेडिकेडमधून (गरिबांसाठीची सरकारी आरोग्य योजना) पैसे मिळतात, म्हणून युनियनपुरती मी सरकारी कर्मचारी ठरते. २०१४ च्या हॅरिस विरुद्ध क्विन निकालात आमच्यासारख्यांना जॅनसच्या चार वर्षं आधीच फीतून, म्हणजे सभासद नसतानाही कापल्या जाणाऱ्या त्या वाट्यातून, मोकळं केलं होतं. तेव्हापासून फाउंडेशनचा पहिला मोर्चा आमच्याकडे. माहिती अधिकारात सरकारकडे आमच्या याद्या मागितल्या. युनियनने उलट २०१६ मध्ये मतदारांपुढे प्रस्ताव ठेवून देखभाल करणाऱ्यांची नावं-पत्ते गोपनीय करून घेतले. कारण सांगितलं म्हाताऱ्यांची फसवणूक टळावी. खरं कारण काय ते सगळ्यांना कळत होतं.

म्हणजे मी सोडू शकते हे मला कळू नये याची सोय युनियनने केली, आणि माझा पत्ता मला न विचारता मिळवायची खटपट दुसऱ्यांनी केली. मला विचाराल तर मी अजून सभासद आहे. तासाचा दर युनियनमुळेच वाढला, प्रशिक्षणाचे पैसे मिळाले. पण मला कोणीतरी सरळ विचारलं असतं तर बरं वाटलं असतं.

चाळकरी

+१ शेवटच्या वाक्याला. बाकी यादी हातात पडल्यावर काय होतं तेही सांगा की. आपण युनियनचेच आहोत असं भासवून सभासदांना संदेश गेल्याच्या तक्रारी इतक्या झाल्या की ऑरेगनने २०२५ मध्ये युनियन प्रतिनिधी असल्याची बतावणी करण्याविरुद्ध कायदाच केला.

बांधकामखाते

आणि ऑरेगनमध्येच कर्मचाऱ्यांनी आरोप केले की सभासदत्वाच्या कार्डावरची सही आमची नाहीच, ते विसरलात. नवव्या सर्किट कोर्टाने (पश्चिमेकडच्या राज्यांचं केंद्रीय अपील कोर्ट) सही खरी की खोटी यात न शिरता, युनियन म्हणजे सरकार नव्हे, म्हणून घटनेखालचा दावा इथे चालत नाही, असं म्हणून फाइल बंद केली. पगार सरकार कापतं, पैसे युनियनला जातात, आणि जबाब द्यायला कोणीच नाही.

गिरणगावचा_पोर

वडील मिलमध्ये होते म्हणून लिहितो. युनियन सोडता न येणं म्हणजे काय हे मुंबईने बघितलंय. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापड धंद्यात एकच प्रातिनिधिक युनियन, राष्ट्रीय मिल मजदूर संघ. कामगारांचा तिच्यावर काडीचा विश्वास उरला नव्हता, पण कागदोपत्री बोलणी तिच्याशीच. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास माणसं दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडली, तरी सरकार शेवटपर्यंत म्हणत राहिलं की मान्यताप्राप्त युनियन ती नव्हेच. त्यामुळे धागाकर्त्याची चिडचिड मला कळते.

फरक इतकाच की आमचे लोक एका युनियनमधून दुसऱ्या, जास्त भांडणाऱ्या युनियनकडे निघाले होते. कार्ड पाठवणारे तुम्हाला कुठे नेतायत?

पुणेरी_पिंप्री

गिरणी खाजगी, इथे विषय सरकारी. उगाच ८२ प्रत्येक धाग्यात आणू नका.

गिरणगावचा_पोर

बरं, एसटीचं घ्या, ते तर सार्वजनिक. २०२१ च्या अखेरीस कर्मचाऱ्यांनी जुन्या संघटना झुगारल्या आणि विलीनीकरणासाठी ॲड. गुणरत्न सदावर्तेंच्या मागे गेले. युनियनवाले दलाल, वर्गणी कशाला देता, हे तेव्हा रोज ऐकू यायचं. विलीनीकरण झालं नाही, एप्रिल २०२२ मध्ये हायकोर्टाच्या आदेशाने लोक कामावर परतले. मग सदावर्तेंनीच एसटी कष्टकरी जनसंघ काढला आणि २०२३ मध्ये एसटी बँकेच्या निवडणुकीत त्यांच्या पॅनेलने १९ पैकी १९ जागा घेतल्या. आधी युनियन सोडा, मग आमची धरा.

चाळकरी

हेच तिकडे हुबेहूब चाललंय! फ्लोरिडाने २०२३ च्या कायद्याने पगारातून वर्गणी कापणं बंद केलं आणि ६० टक्के सभासद नसतील तर युनियनला मान्यता टिकवायला फेरनिवडणूक लावली. मायामी-डेडच्या शिक्षक युनियनची संख्या ६० च्या खाली भरली. समोर एक नवी संघटना उभी राहिली, पाठीशी फ्रीडम फाउंडेशन. २०२४ च्या मतदानात शिक्षकांनी जुनी युनियनच प्रचंड बहुमताने ठेवली. २०२५ मध्ये फाउंडेशनने टीचर फ्रीडम अलायन्स नावाची शिक्षकांची संघटना काढली आणि तिची धुरा घ्यायला ओक्लाहोमाचे शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स पद सोडून गेले. ज्यांना शिक्षकांना राजकारणातून सोडवायचंय, त्यांनी पुढारी निवडला तो असा.

बांधकामखाते

पण तुमच्याच उदाहरणात उत्तर आहे. मायामीत कापणी बंद झाली, युनियनला एकेका शिक्षकाकडे जाऊन वर्गणी मागावी लागली, मतं मागावी लागली, आणि ती जिंकली. तशीच माझ्या युनियनने माझ्याकडे यावं. इतक्या वर्षांत एकदाही कोणी माझ्या टेबलापाशी येऊन तुझं काय म्हणणं आहे असं विचारलेलं नाही. २०१७ मध्ये सरकारी नोकरांत सभासदांचं प्रमाण ३४.४ टक्के होतं, २०२४ मध्ये ३२.२. जॅनसनंतर आकाश कोसळणार होतं ना?

अर्थशास्त्री_आजोबा

आकडे बरोबर, निष्कर्ष घाईचा. जॅनसने फक्त फी काढली. नुसत्या कार्डांनी युनियन मोडत नाहीत; मोडतात त्या कायद्याने. विस्कॉन्सिन बघा. २०११ चा ॲक्ट १०: पगारातून कापणी बंद, बोलणी फक्त मूळ पगारावर आणि तीही महागाईच्या मर्यादेत, शिवाय दरवर्षी फेरमतदान, ज्यात मतदान करणाऱ्यांच्या नव्हे तर एकूण कर्मचाऱ्यांच्या ५१ टक्के मतं लागतात. जो घरी बसला त्याचं मत विरोधात. या हिशोबाने अमेरिकेतला कुठलाही आमदार निवडून येणार नाही. त्या राज्यातली एकंदर युनियन सदस्यता दशकभरात निम्म्याच्या आसपास आली. आणि जॅनसच्या समोर जी युनियन होती, एएफएससीएमई, ती जन्मली १९३२ मध्ये विस्कॉन्सिनच्याच मॅडिसनमध्ये. १९६८ मध्ये मेंफिसचे सफाई कामगार तिच्याच झेंड्याखाली संपावर होते आणि त्यांना पाठिंबा द्यायला मार्टिन ल्यूथर किंग तिथे गेले असताना मारले गेले.

धागाकर्त्याच्या एका मुद्द्याशी मात्र सहमत. वर्षातून दोन आठवड्यांची खिडकी ठेवणं ही कोर्टात टिकणारी पण सभासदाला चिडवणारी युक्ती आहे. चिडलेला माणूस सोडायचं कार्ड भरतोच.

पुणेरी_पिंप्री

विस्कॉन्सिनमध्ये पोलीस आणि अग्निशमनवाल्यांना वगळलं होतं. फ्लोरिडातही. कर्मचाऱ्याचं स्वातंत्र्य एवढं पवित्र असेल तर पोलिसाला ते नको का? उत्तर सोपं आहे, त्यांच्या युनियन ज्या पक्षाला मदत करतात तो पक्ष कायदा करत होता.

मृण्मयी_स्पोकॅन

युटाने २०२५ च्या फेब्रुवारीत पोलीस, अग्निशमन, शिक्षक, सगळ्यांचीच सामूहिक बोलणी बंद केली. मग सगळेच एकत्र आले, सार्वमतासाठी अडीच लाखांहून जास्त वैध सह्या गोळा केल्या. रिपब्लिकन बहुमताच्या त्याच विधिमंडळाने डिसेंबरात कायदा मागे घेतला. सह्या घ्यायला तिथेही माणसं घरोघरीच फिरली.