सुराबाया: ब्रोमोच्या वाटेवरचा नुसता थांबा, की दोन दिवस द्यावेत असं शहर?

पायवाट:
पूर्व जावाला जाणाऱ्या आपल्या लोकांचे कार्यक्रम वाचले की एक गोष्ट खटकते. सुराबायाला विमान उतरतं, जेवण होतं, थोडी झोप होते आणि मध्यरात्रीच गाडी ब्रोमो ज्वालामुखीकडे निघते. इंडोनेशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर, आणि त्याच्या वाट्याला फक्त विमानतळ! माझं म्हणणं सरळ आहे. या शहराला दोन दिवस द्या. मराठी माणसाने तर द्यायलाच हवेत.

पहिलं कारण जोको दोलोग. गव्हर्नरांच्या ग्रहादी वाड्यासमोरच्या बागेत अक्षोभ्य बुद्धाची बसलेली दगडी मूर्ती आहे, पूर्व जावातल्या सिंगसारी राज्याचा राजा कृतनगर याच्या काळातली. बैठकीवर संस्कृत लेख आहे, शके १२११ चा. आपल्या ज्ञानेश्वरीचा शक १२१२. नेवाशात ज्ञानेश्वरी पूर्ण होत होती त्याच्या जेमतेम वर्षभर आधी जावात कुणीतरी आपल्याच शकगणनेत, संस्कृतात, तिथल्या राज्याची हकीकत कोरत होतं. भराड नावाच्या सिद्धपुरुषाने जावाचे जंग्गाला आणि पंजालू असे दोन भाग केले होते, ते राजाच्या वडिलांनी पुन्हा एक केले, अशी ती हकीकत. मूर्तीपुढे लोक आजही फुलं वाहतात, उदबत्ती लावतात.

दुसरं कारण १९४५. १७ ऑगस्टला इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं. १९ सप्टेंबरला तुंजुंगान रस्त्यावरच्या हॉटेलवर आधीचे राज्यकर्ते असलेल्या डचांनी आपला लाल-पांढरा-निळा झेंडा चढवला. सुराबायाची पोरं वर चढली आणि निळी पट्टी फाडून त्याचाच इंडोनेशियाचा लाल-पांढरा झेंडा केला. ती इमारत आज हॉटेल मजापहित म्हणून उभी आहे. १९१० साली सार्कीस या आर्मेनियन घराण्यातल्या लुकासने ती बांधली. सिंगापूरचं रॅफल्स हॉटेलही याच घराण्याचं.

ऑक्टोबरच्या अखेरीस ब्रिटिशांची ४९ वी भारतीय ब्रिगेड इथे उतरली. तिच्यात राजपुताना रायफल्स होती आणि मराठा लाइट इन्फंट्रीही होती. ३० ऑक्टोबरला तिचा प्रमुख ब्रिगेडियर मॅलबी मारला गेला तो जेंबातान मेराह, म्हणजे लाल पुलाजवळ, इंटरनॅशियो इमारतीसमोर. त्या इमारतीत मराठा तुकडी अडकून पडली होती. पुढे १० नोव्हेंबरला ब्रिटिशांनी समुद्रातून, आकाशातून आणि रस्त्यांवरून हल्ला चढवला. तो दिवस आज इंडोनेशियाचा वीर दिन आहे. आपल्या मुलखातली पोरं दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध जिथे उभी केली गेली ती जागा आपल्याला ठाऊकही नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

डोंगरवेडा:
असहमत. इतिहास मोठा आहे हे मान्य, पण धाग्याचा प्रश्न शहराला दोन दिवस द्यावेत का, म्हणजे "बघायला काय आहे" हा आहे. वीर स्मारक तुगू पहलावान म्हणजे एक उंच काँक्रीटचा स्तंभ. उंची ४५ यार्ड, बाजूला १० खाचा, वर ११ टप्पे, म्हणजे १०-११-४५. कल्पना चांगली, पण उन्हात उभं राहून आकडे मोजण्यासाठी कुणी सहकुटुंब जावं का? इंटरनॅशियो बाहेरून बघायची, मजापहित हॉटेलात राहत नसाल तर अंगण आणि कॉफी. उकाडा मुंबईच्या मे महिन्यासारखा.

इतिहासच हवा असेल तर साठेक किलोमीटरवरच्या त्रोवुलानला जा. मजापहित या जावातल्या जुन्या हिंदू-बौद्ध साम्राज्याची राजधानी तिथे होती. बाजांग रातूचं विटांचं उंच दार, वरिंगिन लावांगचे दोन खांब, जमिनीखाली गाडलेला आणि १९१४ मध्ये सापडलेला तिकुसचा पुष्करणीसारखा स्नानकुंड, सेगारानचा प्रचंड तलाव. विटेच्या बांधकामाची इतकी नजाकत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आणि तुमचा जोको दोलोगसुद्धा मुळात त्याच परिसरातून डचांनी सुराबायात आणलेला. मग मूळ जागा सोडून बागेतली मूर्ती का बघायची?

मेघना_बेळगाव:
पायवाट, तुमच्या शेवटच्या वाक्यावर मला बोलायचंय. माझे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते, ब्रह्मदेशात लढले. आमच्या घरी या पलटणीबद्दल बोलताना आवाज आपोआप हळू होतो. "दुसऱ्याच्या स्वातंत्र्याविरुद्ध" असं एका ओळीत म्हणून मोकळं होऊ नका.

ही माणसं तिथे गेली ती शरण आलेल्या जपान्यांची शस्त्रं काढून घ्यायला आणि छावण्यांत सडणारे युद्धकैदी, बायका-मुलं बाहेर काढायला. मॅलबीने स्थानिक पुढाऱ्यांशी बोलणी करून समझोता केला होता. २७ ऑक्टोबरला विमानातून पत्रकं पडली: ४८ तासांत शस्त्रं द्या, नाहीतर गोळी. त्या समझोत्याच्या हे सरळ विरुद्ध होतं. दुसऱ्याच दिवशी शहरभर विखुरलेल्या लहान लहान ठाण्यांवर हजारोंचे जमाव तुटून पडले. बायका-मुलांच्या ट्रकांच्या ताफ्यावरही हल्ला झाला आणि त्यांना वाचवताना आपले जवान पडले. साताऱ्या-कोल्हापूरच्या शेतकऱ्याच्या पोराने पत्रक लिहिलं नव्हतं. त्याने त्याचा मार खाल्ला.

पायवाट:
मेघनाताई, तुमच्या पणजोबांच्या पलटणीबद्दल मला आदरच आहे, आणि पत्रकांची गोष्ट तुम्ही सांगितलीत ते फार बरं केलंत. पण माझा मुद्दा सैनिकावर नाही, त्याला तिथे धाडणाऱ्यावर आहे. हे सगळं कधी चाललं होतं ते पाहा. ५ नोव्हेंबर १९४५ ला दिल्लीत लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला उभा राहिला आणि पाचच दिवसांनी सुराबायावर तोफा सुरू झाल्या. भारतीय सैनिक इंडोनेशियात वापरायला नेहरूंनी त्याच काळात जाहीर विरोध केला. काही भारतीय सैनिक फौज सोडून इंडोनेशियाच्या बाजूला गेले, हीही नोंद आहे. म्हणजे हा प्रश्न तेव्हाच्या लोकांनाही पडला होता.

आणि डोंगरवेडा, स्तंभाच्या पायथ्याशी जमिनीखाली १० नोव्हेंबरचं संग्रहालय आहे. तिथे लढ्याची हाक देणाऱ्या बुंग तोमोची रेडिओवरची भाषणं ऐकायला मिळतात. इंडोनेशियन भाषा येत नसली तरी ते ओरडणं अंगावर येतं. ज्या आवाजाने अख्खं शहर रस्त्यावर आणलं तो आवाज ऐकल्यावर स्तंभ नुसता काँक्रीट राहत नाही.

मेघना_बेळगाव:
धाडणाऱ्यावर बोट ठेवलंत तर माझी काहीच हरकत नाही. फक्त मग तिथे जाऊन एकाच बाजूच्या वीरांना हात जोडून परत येऊ नये. तिथल्या लोकांच्या आठवणीत सगळे भारतीय सैनिक सरसकट "गुरखा" आहेत, मराठा कुणाला माहीतच नाहीत. मॅलबीची कबर जकार्तात मेंतेंग पुलोच्या युद्ध स्मशानभूमीत नीट जपलेली आहे. इंटरनॅशियोसमोर उभं राहणाऱ्या मराठी माणसाने आतल्यांचीही आठवण काढावी, एवढंच मागणं.

कलिमास_काठ:
नोकरीनिमित्त सिदोआर्जोत राहतो, सुराबायाला लागूनच. पायवाट आणि डोंगरवेडा, दोघांनीही शहराचा एक भाग सोडलाय, आणि माझ्या मते तोच सगळ्यात जिवंत आहे. आंपेल. वली सोंगो, म्हणजे जावात इस्लाम आणणारे नऊ संत, त्यांतले सुनान आंपेल इथे विसावले आहेत. मशिदीची स्थापना परंपरेने १४२१ ची मानतात. आत सागवानाचे जुने खांब, बाहेरच्या अरुंद गल्लीत हद्रमौतहून आलेल्या अरबांच्या वंशजांची अत्तर, खजूर, जपमाळांची दुकानं. रात्री उशिरापर्यंत यात्रेकरूंची रीघ. पंढरपूरच्या प्रदक्षिणा मार्गावर वावरलेल्या माणसाला इथे परकं वाटणार नाही. बायकांनी डोकं झाकायला ओढणी जवळ ठेवावी.

तिथून लाल पूल जवळच. तो बघून पेनेलेहच्या बोळांत शिरा. स्वातंत्र्य चळवळीतले जुने पुढारी चोक्रोआमिनोतो यांचं छोटं घर तिथे आहे. सुकार्नो शाळकरी वयात याच घरात भाड्याने राहत होते. सुकार्नोंचा जन्मही सुराबायाचाच, ६ जून १९०१, पांडेआनच्या गल्लीतला. राष्ट्रपिता एवढ्याशा बोळातून उठला हे पायी फिरल्याशिवाय कळत नाही. सकाळी साडेसहाला निघा, दहाच्या आत परत या, पुन्हा चारनंतर. उकाड्यावर तेवढाच उपाय. दुपारी शाकाहारी मंडळींनी पेचेल किंवा गाडो-गाडो, म्हणजे शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या मागाव्यात, पण तेरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला गोळा नको असं आधी सांगावं, चटणीत असते.

एका गोष्टीला माझा विरोध आहे. हाउस ऑफ सांपुर्ना हे सिगारेट कंपनीचं संग्रहालय सगळ्या यादीत वरच्या क्रमांकावर दिसतं. इमारत देखणी, १८६२ ची, मुळात डच अनाथाश्रम, १९३२ मध्ये कंपनीचा संस्थापक लिम सीएंग ती याने विकत घेतली. पण आहे ते लवंगी सिगारेटचं कौतुक. मुलांना घेऊन जाऊ नका.

डोंगरवेडा:
आंपेलबद्दल पटलं, पेनेलेहबद्दलही. सांपुर्नाबद्दल मात्र नाही पटत. फुजियानहून आलेल्या गरीब चिनी कुटुंबाने या शहरात काय उभं केलं हे कळायला दुसरी इतकी नीट मांडलेली जागा नाही. सिगारेट वाईट आहे हे मुलांना तिथेच सांगता येतं.

दोन दिवसांचा हिशोब मी असा मांडेन: एक दिवस आंपेल, लाल पूल, पेनेलेह आणि संध्याकाळी तुमचं संग्रहालय. दुसरा दिवस पूर्ण त्रोवुलान. यावर मी ठाम आहे.

पायवाट:
चालेल, पण त्रोवुलानला निघायच्या आधी ग्रहादीसमोर अर्धा तास थांबा. शके १२११ चा लेख त्रोवुलानला नाही, सुराबायात आहे.