‘कसं काय?’ विचारून थांबणं
‘कसं काय?’ हा आता नुसता सोपस्कार उरलाय, असं एकाने म्हटलं. पटलं, पण दोष प्रश्नाचा नाही, विचारून लगेच पुढे सरकण्याचा आहे. गप्पांमध्ये एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंदच लागतात, आणि एक साधा शब्द जुळवायला मात्र सुमारे ६००. म्हणजे समोरचा बोलत असतानाच आपलं उत्तर शिजत असतं! (मी यात पटाईत. बायकोने अनेकदा पकडलंय.) हल्ली उत्तर आल्यावर मी मनात तीन आकडे मोजतो. अवघडल्यासारखं होतं खरं, पण ‘ठीक आहे’ नंतरचं खरं वाक्य बहुधा त्याच शांततेत येतं. आणि हो, मोबाईल नुसता पालथा ठेवून भागत नाही, तो खिशातच बरा.