चंद्रतालला डांबरी रस्ता कशाला हवाय?

पायपीट :
'चंद्रताल : पैसे पाण्यात' या कालच्या धाग्यावर दोन ओळींत प्रतिसाद देणार होतो. जमेना, म्हणून वेगळा धागा. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी 'निवांत' यांची तक्रार थोडक्यात : हिमाचलात, लाहौल-स्पितीतल्या या तळ्याकडे जाताना बातल या थांब्यापासूनचे 14 किलोमीटर म्हणजे अत्याचार, गाडी काठापर्यंत सोडत नाहीत, तंबू तळ्यापासून लांब, पाण्यात उतरू देत नाहीत, आणि एवढं करून 'शेवटी एक तळंच'. मागणी काय, तर डांबरी रस्ता, काठावर मुक्कामाची सोय आणि जमल्यास बोटी.

बोटी! 4,300 मीटरवरचं गोड्या पाण्याचं तळं, फेरी मारली तर जेमतेम अडीच किलोमीटरची. 2005 पासून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, ते काही बोटिंगसाठी नव्हे. तिथल्या थंडीत कचरा कुजत नाही. टाकलेली पाण्याची बाटली सोडा, संत्र्याचं सालही पुढच्या मोसमात तिथेच सापडेल. पूर्वी तंबू अगदी काठावर पडायचे, तेव्हा सांडपाणी नि शौचाचे खड्डे कुठे झिरपत असतील याचा विचार करा. तंबू हटवले ते कुणाला छळायला नाही. आजूबाजूच्या कुरणांवर उन्हाळ्यात गद्दी मेंढपाळ कळप घेऊन येतात, चक्रवाकांच्या जोड्या पाण्यावर असतात. त्यांना तुमचं स्पीकरवरचं गाणं नको असतं.

लडाखच्या पँगाँग तळ्याला काय झालं ते बघितलंय ना? फोटोसाठी पिवळ्या स्कूटरी मांडून ठेवल्यात काठावर. तसंच हवं असेल तर तिकडे जा, रस्ता चांगला आहे.

सुमनताई :
सगळं पटलं, पण एक विचारते. माझे गुडघे गेलेत. पार्किंगपासून किलोमीटरभर चढउतार मी त्या हवेत चालायचे कशी? डोंगर, तळी, नद्या ही काय फक्त धडधाकट तिशीवाल्यांची इस्टेट आहे का? हिमाचलातलंच रेणुका सरोवर घ्या. तेही रामसर, तेही 2005 चंच. गाडी काठापर्यंत जाते, जत्रा भरते. तिथे आभाळ कोसळलं का?

पायपीट :
सुमनताई, रेणुका हजार मीटरच्याही खाली आहे आणि बाराही महिने वस्तीत आहे. दोन्हींना एकच नियम कसा लावणार?

सुमनताई :
म्हणजे 'तुम्ही येऊ नका' हेच जरा गोड शब्दांत. कळलं.

बुलेटराजा :
हाडं खिळखिळी होतात म्हणणाऱ्यांनी घरी बसून व्हिडिओ बघावेत. मनालीकडून येताना ग्रांफू ते बातल हा खडबडीत रस्ता, हीच तर खरी मजा! नाल्यांत गुडघाभर पाणी, दगडगोटे, मधेच मेंढ्यांचा कळप. फक्त एक लक्षात ठेवा, नाले सकाळी लवकर पार करा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी तोच नाला अंगावर येतो. बाकी बातलला चाचा-चाचींच्या ढाब्यावर राजमा-चावल खायचा, खिशात कापराची पुडी ठेवायची आणि निघायचं. विरळ हवेचा त्रास वगैरे काही होत नाही, सगळं मनावर असतं.

डॉ. खवचट :
रस्त्यावर बोलायचं नव्हतं, पण 'सगळं मनावर असतं' वाचून राहवलं नाही.

कापूर हुंगल्याने नाकात गार वाटतं. बास. रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. 4,300 मीटरवर हवेत ऑक्सिजन इथल्याइतकाच, म्हणजे 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या 60 टक्क्यांच्या आसपास येतो. प्रत्येक श्वासात मिळणारा ऑक्सिजन त्याच प्रमाणात घटतो. शरीर सवय करून घेतं, पण त्याला दिवस लागतात. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असं सांगतात. मनाली 2,000 च्या आसपास. सकाळी तिथून निघून रात्री चंद्रतालच्या तंबूत झोपणारा माणूस एका दमात दोन हजारांहून जास्त चढतो.

बुलेटराजा :
डॉक्टर, पुस्तकी ज्ञान राहू द्या. आमचा आठ जणांचा ग्रुप मनालीहून थेट गेला, सगळ्यांकडे कापूर, एकालाही काही झालं नाही. याला काय म्हणाल?

डॉ. खवचट :
नशीब.

घाटवाट :
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बुलेटराजा :
नशीब म्हणे. माझे काका अमरनाथला दरवर्षी कापूर नेतात. लसूणही खातात. सत्तरी पार केलीय.

डॉ. खवचट :
काकांना नमस्कार. ते दरवर्षी चालत, मुक्काम करत जात असतील, ते श्रेय कापराला कशाला? बरं, कापूर न्या, माझी हरकत नाही. हरकत आहे ती 'कापूर आहे ना, मग चला वर' या भरवशाला. डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको झालंय, तर आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत पाऊल टाकता येईना, किंवा बसल्या जागी धाप लागली, तर त्याच क्षणी खाली. आणि चंद्रतालची अडचण नेमकी इथे आहे. खाली म्हणजे कुठे? बातलसुद्धा चार हजारांच्या आसपास. पलीकडे स्पितीतल्या काझा गावाकडे उतरायचं तर आधी साडेचार हजारांवरची कुंझुम खिंड चढायची. रात्री दोन वाजता, नाल्यांच्या रस्त्याने, कोण नेणार?

निवांत :
माझ्या पाठीमागे माझ्या धाग्याची चिरफाड चाललीय हे आत्ता कळलं. धन्यवाद.

पायपीट, तुम्ही फार उंचावरून बोलता. आम्ही स्पीकर लावून नाचायला गेलो नव्हतो. टूरवाल्याने 'मनाली-चंद्रताल, एक मुक्काम' असं पॅकेज दिलं, आम्ही घेतलं. रात्रभर बायकोला उलट्या, डोकं फुटायची वेळ. तंबूवाला म्हणाला सकाळपर्यंत थांबा, अंधारात ड्रायव्हर जाणार नाही. टूरवाल्याचा माणूस फोनवर नाही, कारण तिथे फोनच नाही. सकाळी तिने त्या निळ्या पाण्याकडे नुसतं पाहिलं आणि 'चला' म्हणाली. आता मी 'किती सुंदर, किती शांत' असं लिहू? चांगला रस्ता असता तर रात्रीच खाली आणलं असतं तिला. हा मुद्दा तुमच्या चक्रवाकांपेक्षा छोटा आहे का?

डॉ. खवचट :
छोटा अजिबात नाही. पण तुमचा राग तळ्यावर निघतोय आणि तो पॅकेज बनवणारा सुटतोय. डांबरी रस्ता झाला की तो माणूस 'दुपारच्या जेवणाला चंद्रताल' विकेल. 2020 मध्ये अटल बोगदा झाल्यावर मनालीहून लाहौलला पोचणं किती सोपं झालं ते आठवा. रस्ता जितका गुळगुळीत, तितके लोक शरीराला वेळ न देता वर पोचणार.

निवांत :
पॅकेज वाईट होतं, मान्य. पण अडलेल्या माणसाला रस्ता नको, हे मान्य नाही. जुलै 2023 मध्ये अवेळी बर्फ पडून सुमारे 300 पर्यटक चंद्रतालला दिवसचे दिवस अडकले होते, ते विसरलात?

पायपीट :
विसरलो नाही. तेव्हा बर्फ आणि दरडी आडव्या आल्या होत्या. डांबरावर बर्फ पडत नाही असं तुमचं म्हणणं आहे का?

निवांत :
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

संस्कृतीप्रेमी :
मूळ मुद्दा राहिला बाजूला. युधिष्ठिराला इंद्राने रथातून स्वर्गात नेलं ते इथूनच. चंद्रा नदीही इथेच उगम पावते. अशा तीर्थाला डांबरी रस्ता आणि स्नानाचा घाट नको?

घाटवाट :
धर्मराज तिथवर चालत गेले होते, इनोव्हाने नाही. रथ मिळाला तो शेवटी. आणि चंद्रा उगम पावते बारालाचा खिंडीच्या बाजूच्या बर्फात, तळ्याचं पाणी तिला नंतर मिळतं. पुढे तांदीला भागा भेटली की चंद्रभागा, म्हणजेच चिनाब.

आता गंभीरपणे. तुम्ही सगळे दोन रस्ते एकत्र मळताय. ग्रांफू-बातल-कुंझुम-लोसर हा काझाच्या माणसाचा मनालीला जायचा रस्ता. त्याला बाजार, दवाखाना, मटार-बटाट्याची विक्री यासाठी तो लागतो. तो सुधारू नये म्हणणाऱ्याने एकदा आजारी माणसाला घेऊन त्यावरून जाऊन दाखवावं. आपल्याला 'अॅडव्हेंचर' मिळावं म्हणून तिकडच्यांनी जन्मभर दगडगोटे तुडवायचे? तळ्याकडे वळणारा फाटा मात्र फक्त आपल्यासारख्या हौशींसाठी आहे. तो खडबडीत राहिला तर कुणाचं काही अडत नाही.

पायपीट :
मोठ्या रस्त्याला माझा विरोध कधी नव्हताच. लिहिलं नव्हतं, एवढंच.

बुलेटराजा :
वा! म्हणजे ग्रांफू-बातलचीही मजा गेली. करा डांबर, लावा टोल.

सुमनताई :
डॉक्टर, भांडण झालं असेल तर माझं ऐका. मला जायचंच आहे. शिमल्याकडून किन्नौरमार्गे गेलं तर?

डॉ. खवचट :
तोच शहाणा मार्ग. कल्पा, नाको, काझा असं थांबत थांबत चढायचं, काझाला दोन-तीन रात्री काढायच्या आणि मग कुंझुम ओलांडून तळ्याकडे यायचं. मुक्काम तळ्यापाशी नकोच, लोसर गावी परत जा. सप्टेंबरमध्ये आभाळ मोकळं असतं, नाल्यांना पाणीही कमी. डायमॉक्स (विरळ हवेच्या त्रासावरची गोळी), बीपीच्या गोळ्या वगैरे तुमच्या डॉक्टरांना विचारून, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगून. किलोमीटरभर चालायला दोन तास लागले तरी चालतील, तळं कुठे पळून जात नाही.

सुमनताई :
आणि नाहीच चालवलं तर?

पायपीट :
तर पार्किंगपर्यंत गाडी आहेच, ताई. त्यापुढे ज्येष्ठांसाठी दोन घोडे ठेवले तर माझी हरकत नाही. लीद पाण्याजवळ पडू नये म्हणजे झालं.

निवांत :
बघा, घोडे चालतात. रस्ता नाही.

बुलेटराजा :
ताई, कापूर न्याच. कुंझुमला देवीचं देऊळ आहे, तिथे तरी लावता येईल.